फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर परत परत एअर घेतो: आत हवा राहिली आहे, की बाहेरून येते आहे?

शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. ट्रॅक्टर ४२ एचपीचा, दहा-बारा वर्षं जुना, लांबट मायको पंपाचा, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप. डिझेलचे दोन्ही फिल्टर त्यांनी घरीच बदलले आणि त्याच वेळी फीड पंपाखालची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लहान पंपाखालची) वाटी काढून पेट्रोलने धुतली. हात प्रायमरने, म्हणजे हाताने मारायच्या लहान पंपाने, डिझेलच्या लाईनमधली एअर काढली, ट्रॅक्टर चालू झाला. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "चालू व्हस, पाच-सात मिनिट चालस, अन बंद पडी जास." पुन्हा एअर काढली की पुन्हा तेवढाच चालतो. बंद पडताना आवाज खाली खाली येत जातो, डिझेल मात्र कुठेही गळत नाही. दोन दिवसांत दहा वेळा असं झालं, बॅटरी उतरली. गावातला मेकॅनिक म्हणतो पंप गेला, उतरवून धुळ्याला न्यावा लागेल. रोहिण्या तोंडावर आल्या आहेत, बागायती कपाशीचं रान तयार करायचं आहे. आपली एअर काढायची पद्धत चुकते आहे, की पंप खरंच गेला, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, पंप उतरवू नका. खाली सांगतो त्या दोन चाचण्या होईपर्यंत तरी त्याला पाना लावू देऊ नका. अमळनेरला मी सव्वीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतो आहे. तुम्ही जे लक्षण लिहिलं आहे, त्यात पंप दोषी निघाल्याचं मी फार क्वचित पाहिलं आहे. तुमची एअर काढायची पद्धतही बहुतेक बरोबर आहे, नाहीतर ट्रॅक्टर पाच-सात मिनिटं चाललाच नसता.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात. काम करताना लाईन उघडली तेव्हा जी हवा आत शिरली, ती राहिलेली हवा. ती एकदा नीट बाहेर काढली की विषय संपतो. दुसरी हवा इंजिन चालू असताना कुठल्यातरी सांध्यातून सतत आत ओढली जाते. ती तुम्ही दहा वेळा काढा, ती अकराव्यांदा येणारच. हवा राहिलेली असेल तर ट्रॅक्टर एकतर सुरूच होत नाही, किंवा वीस-तीस सेकंद भकभक करून बंद पडतो. तुमचा पाच-सात मिनिटं व्यवस्थित चालतो आणि मग आवाज खाली खाली येत जातो. म्हणजे हळूहळू, थेंबाथेंबाने हवा साठते आहे. फिल्टरच्या भांड्यात वरच्या बाजूला ती जमत जाते, आणि एकदा का पंपाच्या तोंडाशी पोहोचली की इंजिन बसतं.

पंपाबद्दल एक साधा विचार करा. गेलेला पंप प्रायमर मारल्याने बरा होत नाही. घासलेला पंपही त्रास देतो, पण त्याचा ढंग निराळा असतो. तो इंजिन चांगलं तापल्यावर सुरू व्हायला कुरकुर करतो, आणि तास-दोन तास थंड झाला की आपोआप चालतो. तुमचा ट्रॅक्टर मात्र एअर काढली की लगेच, गरम असतानाच चालतो. फक्त एक गोष्ट नक्की करून घ्या: बंद पडल्यावर फिल्टरवरचा स्क्रू सैल करता तेव्हा खरोखर फेस आणि बुडबुडे येतात ना? येत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. स्क्रू सैल केल्याबरोबर एकसंध डिझेल आलं, बुडबुडा एकही नाही, आणि तरीही इंजिन बंद पडतं, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. त्याचं शेवटी सांगतो.

एवढीशी हवा इतकं मोठं इंजिन बंद का पाडते, हे समजून घेतलं तर पुढचं काम सोपं जातं. पंपातला इलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, त्याच्या बॅरलमध्ये (नळकांड्यात) दोन ते चार मायक्रॉनच्या फटीत फिरतो. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. हा इलिमेंट डिझेल दाबतो, आणि दाब २०० बारच्या आसपास गेला की नोझलची सुई उचलते. डिझेल दबत नाही, म्हणून दिलेला धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत जातो. हवा मात्र दबते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबून बघा, आत जातो आणि सोडला की उसळून परत येतो. इलिमेंटच्या वर हवेचा बुडबुडा असला की तेच होतं. इलिमेंट वर-खाली होत राहतो, बुडबुडा दबतो-फुगतो, आणि सुई जागची हलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच घरी काम करणारे फसतात. हवा शोधायची म्हणून सगळे जण ओलं कुठे आहे ते बघतात. ओलं दिसत नाही, म्हणून लाईन ठीक आहे असं धरून चालतात.

तुमच्या ट्रॅक्टरची लाईन अशी आहे: टाकी, तिचा कॉक, तिथून खाली येणारी पाईप, फीड पंपाची वाटी, फीड पंप. तिथून पुढे पहिला कापडी फिल्टर, दुसरा कागदी फिल्टर, मग मोठा पंप, मग नोझल. फीड पंप मधोमध बसतो. त्याच्या पुढे तो डिझेल ढकलतो, तिथे एक-दीड बारचा दाब असतो, त्यामुळे कुठे सैल असेल तर डिझेल बाहेर गळतं आणि दिसतं. त्याच्या मागे तो डिझेल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला सैल असेल तर बाहेर काही येत नाही, हवा आत जाते. रसवंतीवर भोक पडलेल्या नळीने रस प्यायलात तर भोकातून रस सांडत नाही, तोंडात हवा येते. अगदी तसंच. म्हणून ज्या सांध्यातून तुमची हवा येते आहे तो सांधा इंजिन चालू असताना कोरडा ठणठणीत असेल.

तुम्ही फिल्टर बदलले ते ढकलणाऱ्या बाजूला. तिथे रिंग नीट बसली नसती तर डिझेल टपकलं असतं, आणि तुम्ही लिहिलं आहे की कुठेही गळत नाही. पण वाटी आहे ओढणाऱ्या बाजूला, आणि ती तुम्ही उघडली होती. माझा पहिला संशय तिथेच आहे. वाटीच्या तोंडाला एक पातळ रबरी गॅस्केट असतं. दहा वर्षांत ते वाटीच्या कडेचा ठसा घेऊन कडक झालेलं असतं. वाटी काढून परत लावली की जुना ठसा आणि नवी जागा जुळत नाही. त्यात पेट्रोलने धुतलं असेल तर काही रबरं फुगतात, खाचेत पूर्ण बसत नाहीत, एका बाजूला बारीक मुरड पडते. हाताला वाटी घट्ट लागते, पण सांधा बंद झालेला नसतो. गॅस्केट नवीन टाका. किंमत चहापाण्याएवढी आहे. बसवताना बोटाने डिझेल चोळा, वाटी सरळ धरा, आणि खालचा नट हातानेच आवळून वर पान्याने थोडासा द्या. काचेची वाटी असेल तर जोर लावू नका, तडा जाईल. तडा गेलेल्या काचेतूनही हवा येते आणि तडा सहसा दिसत नाही.

दुसरा संशय तांब्याच्या वायसरवर. पाईप जिथे फीड पंपाला मिळते तिथे बँजो बोल्ट असतो, आतून पोकळ, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक वायसर. जुने वायसर दाबून दाबून कडक झालेले असतात, परत तेच टाकले तर बसत नाहीत. नवे टाकणं सगळ्यात चांगलं. रात्रीची वेळ आहे, दुकान बंद आहे, तर जुना वायसर चिमट्यात धरून चुलीवर लाल करायचा आणि पाण्यात टाकायचा. तांबं असं केल्याने मऊ पडतं. मग दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरवर घासायच्या. हे काम ट्रॅक्टरपासून लांब, घरात करा, हाताला डिझेल नको. ॲल्युमिनियमचा वायसर मात्र असा वाचवता येत नाही, तो टाकूनच द्या.

तिसरी जागा, जी कुणाच्याच लक्षात येत नाही, ती क्लिपच्या खालचं रबर. १९९८ साली मी धुळ्याला उस्तादांकडे शिकत होतो. मुंबई-आग्रा महामार्गावरचा एक ट्रक आमच्याकडे ओढून आणला होता. लळिंगचा घाट चढताना बंद पडायचा, एअर काढली की दहा-पंधरा किलोमीटर जायचा. माझ्यापेक्षा मोठ्या एका कारागिराने आणि मी मिळून त्याचा पंप उतरवला. बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावला, सगळे इलिमेंट सारखं डिझेल देत होते. परत चढवला, पुन्हा तेच. दोन दिवस गेले, गाडीत माल भरलेला, ड्रायव्हर बिचारा आमच्याच ओट्यावर झोपायचा. तिसऱ्या दिवशी उस्ताद गावाहून परतले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. फीड पंपाच्या मागची पाईप सोडली, मध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली आणि मला म्हणाले, "इंजिन चालू कर आणि इथे बसून नळीकडे बघ." मिनिटभर काही नाही. मग एक बुडबुडा आला, साबुदाण्याएवढा. मग दोन. मग माळ लागली. उस्तादांनी टाकीकडच्या रबरी पाईपची क्लिप सैल करून मागे सरकवली. क्लिपच्या बरोबर खाली रबर गोल चिरलेलं होतं. वरून क्लिप झाकत होती, म्हणून दोन दिवस आमच्या कुणाच्या नजरेला ते पडलं नाही. चिरलेला बोटभर तुकडा कापला, पाईप परत बसवली, गाडी गेली. तेव्हापासून असा ट्रॅक्टर किंवा ट्रक आला की मी आधी नळी लावतो.

तुम्हीही तेच करा. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक पाईप वापरतात ती हातभर घ्या, तुमच्या डिझेल पाईपवर घट्ट बसेल अशा मापाची, आणि चार क्लिपा. फीड पंपात येणाऱ्या पाईपच्या मध्ये एक तुकडा लावा. जमलं तर फीड पंपातून फिल्टरकडे जाणाऱ्या पाईपमध्ये दुसरा. एअर काढून इंजिन चालू करा, मध्यम रेसवर ठेवा आणि बघत बसा. घाई करू नका, तुमचा ट्रॅक्टर पाच मिनिटांनी बंद पडतो म्हणजे बुडबुडे सुरुवातीला तुरळकच असणार. मागच्या नळीत बुडबुडे दिसले तर हवा टाकी ते नळी यामधून येते: कॉक, पाईप, क्लिपा. मागची नळी स्वच्छ आणि पुढच्या नळीत बुडबुडे, तर वाटी, तिचं गॅस्केट, बँजोचे वायसर, किंवा खुद्द फीड पंप. दोन्ही स्वच्छ असतील तर हवेचा विषय संपला. चाचणी झाली की ही नळी काढून टाका. डिझेलने आणि इंजिनच्या उष्णतेने ती लाकडासारखी कडक होते, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत तर लवकरच दगा देते.

दुसरी चाचणी डब्याची. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यात गाळलेलं डिझेल, फीड पंपापेक्षा उंच जागी पक्का बांधायचा आणि त्याची नळी सरळ फीड पंपाच्या तोंडाला द्यायची. टाकी, कॉक, जुनी पाईप सगळं वगळलं गेलं. अर्धा तास ट्रॅक्टर बिनतक्रार चालला तर दोष वगळलेल्या भागात आहे, पंपाचा काही संबंध नाही. मात्र डबा सायलेन्सरच्या बाजूला बांधू नका. तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल सांडलं तर पेट घेतं. मदतीला एक माणूस ठेवा आणि जवळ कोरड्या वाळूची घमेली भरून ठेवा.

सांधा नक्की सापडत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. संशय असलेल्या सांध्यावर सगळीकडून ग्रीसचा जाड थर लावा. ग्रीस लावल्यावर नळीतले बुडबुडे थांबले तर तोच सांधा. साबणाचं पाणी इथे कामाचं नाही, कारण हवा बाहेर येतच नाही, फुगा कुठून येणार. तुमच्या ट्रॅक्टरची टाकी फीड पंपाच्या वर आहे, त्याचाही उपयोग होतो. टाकी तोंडोतोंड भरा, कॉक उघडा ठेवा आणि इंजिन बंद करून रात्रभर सोडा. त्याआधी सगळे सांधे कोरडे पुसून त्यांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. इंजिन बंद असताना ओढ नसते, डिझेलचं वजन असतं, म्हणून जो सांधा दिवसा हवा ओढतो तो रात्री कागद थोडा ओला करू शकतो. पिकअपची टाकी खाली चेसिसला असते, तिथे याचा उपयोग नाही. तिथे उलट रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते.

आणि हे सगळं करण्याच्या आधी, दोन मिनिटांचं काम: टाकीचं झाकण. झाकणाला बारीक भोक असतं, डिझेल कमी होतं तशी तिथून हवा टाकीत यायची. धुळीने ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते, आणि ट्रॅक्टर अगदी तुमच्यासारखाच काही मिनिटांनी बसतो. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला तर तिथेच उत्तर आहे. झाकण सैल ठेवून चालवून बघा. तसंच फिल्टर बदलताना डिझेल सांडू नये म्हणून तुम्ही कॉक बंद केला असेल, तो पूर्ण उघडला आहे का तेही बघा. अर्धा उघडा कॉक ओढ वाढवतो, आणि ओढ वाढली की जो सांधा एरवी कसाबसा टिकतो तोही हवा घ्यायला लागतो.

आता एअर काढायची पद्धत. तुमची जवळपास बरोबर असणार, तरी एकदा जुळवून बघा, कारण दोष सापडल्यावर शेवटची एअर नीटच काढावी लागेल. क्रम नेहमी टाकीकडून इंजिनकडे. टाकीत निदान अर्धं डिझेल असू द्या. फिल्टरची भांडी लावताना आत स्वच्छ डिझेल भरून लावली की प्रायमर कमी मारावा लागतो, पण भरायचं ते फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला. मधल्या भोकात ओतू नका. तिथे पडलेली घाण न गाळता सरळ पंपात जाते. भांडं चिंधीने पुसू नका, धागे राहतात. ब्रशने आणि डिझेलने धुवा. जुनी रबरी रिंग वरच्या टोपाला चिकटून राहिली आहे का ते बोट फिरवून बघा. नव्या रिंगवर जुनी राहिली की सांधा कधीच बसत नाही, आणि हे मी महिन्याला एकदा तरी बघतो.

प्रायमरची मूठ आटे फिरवून मोकळी करा. पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू दीड आटा सैल करा आणि प्रायमर मारा. सुरुवातीला नुसती हवा, मग ताकावर येतो तसा पांढरट फेस, मग फटफट करत डिझेल आणि बुडबुडे, आणि शेवटी सरळ एकसंध धार. धार आल्यावरही आठ-दहा वेळा मारा, कारण कोपऱ्यातला बुडबुडा उशिरा येतो. आता नीट लक्ष द्या: स्क्रू आवळायचा तो प्रायमर दाबलेला असताना, धार चालू असताना. हात उचलून मग आवळला तर त्या क्षणात थोडी हवा परत आत जाते. मग दुसऱ्या फिल्टरचा स्क्रू, तसंच. मग मोठ्या पंपाच्या अंगावरचा स्क्रू, तसंच. शेवटी प्रायमरची मूठ खाली दाबून आटे पूर्ण आवळा. ही मूठ सैल राहिली तर तिथूनही पंप हवा घेतो. तुम्ही दहा वेळा घाईत एअर काढली आहे, त्यामुळे ही मूठ मला आवर्जून सांगावीशी वाटते. काही ट्रॅक्टरना मुठीऐवजी लहान दांडी असते. ती दांडी हलते पण जोर लागत नाही असं झालं, तर इंजिन हाताने एक फेरा फिरवा, आतला कॅम वर थांबलेला असतो.

एवढ्यावर बहुतेक ट्रॅक्टर सेल्फ मारला की चालू होतात. स्टॉपची केबल पूर्ण आत आहे ना आणि हात ॲक्सिलरेटर पुढे आहे ना, बघून घ्या. सेल्फ एका वेळी दहा सेकंद, फार तर पंधरा, मग दोन मिनिटं थांबा. सलग मिनिटभर सेल्फ मारला की त्याची वाइंडिंग जळते, आणि हवेची दुरुस्ती राहिली बाजूला, सेल्फचा खर्च येतो. तरीही नाही झालं तर नोझलकडच्या टोकाचे दोन पाईप सतरा नंबरच्या पान्याने अर्धा-एक आटा सैल करा, सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा. गिअर न्यूट्रलला, चाकाला विटा, आणि हात फॅनपासून लांब, कारण उरलेल्या नोझलवर इंजिन अचानक पकडू शकतं. उघड्या नोझलसमोर किंवा बारीक फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. बाहेर टाचणी टोचल्याएवढीच जखम दिसते, पण आतलं मांस सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

स्प्रे मारून किंवा एअर फिल्टरच्या तोंडाला पेट्रोलचा बोळा लावून सुरू करू नका. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढूनही उपयोग नाही, हवा आहे तोवर नोझल उघडणार नाही. पंपाला वंगणही डिझेलचंच असतं. तुमच्या लांबट पंपाचा कॅम तरी तेलात चालतो, इलिमेंट डिझेलवरच असतात. गोल रोटरी पंप असेल तर तो सगळाच्या सगळा डिझेलवर. कोरडा फिरवला तर चांगला पंप आपण आपल्या हाताने घासतो.

हे वाचून कुणी आपल्या पिकअपवर किंवा नव्या गाडीवर करायला जाईल, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. वर सांगितलेली नोझलचे पाईप सैल करायची रीत फक्त जुन्या पंपाची आहे. पंप ओळखायला सोपा: पाईप एका रांगेत निघतात तो लांबट, गोल डोक्यातून चहूबाजूंनी निघतात तो रोटरी, आणि सगळे पाईप एका जाड लोखंडी नळीतून निघत असतील तर ते कॉमन रेल. १ एप्रिल २०२० पासून नोंदणी झालेल्या बीएस सिक्स डिझेल गाड्या, आणि जानेवारी २०२३ पासूनचे ५० एचपीच्या वरचे नवे ट्रॅक्टर बहुतेक याच प्रकारातले. तिथे दाब हजार बारच्याही बराच वर असतो, म्हणून त्या पाईपांना पाना लावायचाच नाही. तिथे फिल्टरही डिझेलने भरून लावू नका. फिल्टरजवळ रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी ऑन करून थोडं थांबा, बंद करा, परत ऑन, असं पाच-सहा वेळा करा आणि मग सेल्फ मारा. टाकीत पंप नसलेल्या बऱ्याच गाड्यांत फिल्टर ओढणाऱ्या बाजूला येतो. म्हणजे तिथे फिल्टरची रिंग खराब असली तरी एक थेंब गळत नाही आणि गाडी हवा घेत राहते. सावदा-रावेरकडून केळी भरून जाणाऱ्या पिकअप माझ्याकडे या एका कारणाने कित्येक आल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मालक म्हणतो, "पण गळत तर कुठेच नाही."

आता राहिलं पंपाचं. तो मेकॅनिक मुद्दाम फसवतो आहे असं मी म्हणणार नाही. एअर काढूनही इंजिन बंद पडतं म्हटल्यावर बरेच जण पंपाकडेच वळतात, मी स्वतः शिकताना वळलो होतो. पण पंप उतरवला की टायमिंग परत जुळवावं लागतं, बेंचवर लावावा लागतो, येण्याजाण्याचे दोन-तीन दिवस जातात, आणि तुमच्याकडे आत्ता ते दिवस नाहीत. दोन्ही नळ्या स्वच्छ आहेत, डब्यावरही ट्रॅक्टर बंद पडतो, स्टॉप केबल मोकळी आहे, पंपाच्या स्क्रूतून भरभरून डिझेल येतं, आणि तरीही सैल केलेल्या नोझल पाईपमधून काही उडत नाही, असं सगळं एकत्र दिसलं तर पंप उतरवा. त्याच्या आधी फीड पंप खोलून त्यातल्या दोन बारीक व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा तपासा. त्यात कचरा अडकला तरी डिझेल अर्धवट पुढे जातं, आणि ते तासाभराचं काम आहे.

तुम्ही उद्या सकाळी करायचं ते असं: आधी झाकण आणि कॉक. मग वाटीचं गॅस्केट नवं, बँजोचे दोन वायसर नवे, प्रायमरची मूठ घट्ट. बॅटरी रात्री चार्जिंगला लावा. उतरलेल्या बॅटरीवर सेल्फ जड फिरतो, आणि मग आपल्याला कळत नाही की इंजिन हवेमुळे घेत नाही की ताकदीमुळे. एवढ्यावर दहा मिनिटांच्या वर चालला तर तसाच अर्धा तास उभा चालू ठेवा आणि मगच नांगर जोडा. नाही चालला तर लेव्हल पाईप लावा, आणि मला फक्त एवढं कळवा की बुडबुडे मागच्या नळीत दिसले की पुढच्या.